अनुभवाचा दाखला

एखाद्या वायरमनानें बारा वर्षें घरोघर विजेचीं कामें केलीं असतील, तर त्याला काम येतें हें सांगावयास साक्षीदार कशाला हवा, असें आपणांस सहज वाटेल. परंतु अमेरिकेंत हाच मनुष्य एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत गेला, कीं त्याला बारा वर्षांचा हिशेब नव्यानें द्यावा लागतो.

याचें कारण असें, कीं धंद्याचे परवाने देण्याचा अधिकार त्या देशांत मुख्यत्वें राज्यांकडे आहे. वेस्ट व्हर्जिनियांत डेन्ट नांवाचा गृहस्थ 1876 पासून वैद्यकी करीत होता. पुढें राज्यानें कायदा केला, कीं वैद्यास मान्य पदवी, दहा वर्षांचा पूर्वानुभव किंवा परीक्षा यांपैकीं एकाचा आधार हवा. डेन्टची पदवी मान्य झाली नाहीं आणि वर्षें कमी पडलीं. 1889 सालीं सर्वोच्च न्यायालयानें राज्याचा अधिकार उचलून धरला.

आतां वायरमनाकडे वळूं. टेक्ससमध्यें ‘जर्नीमन’, म्हणजे शिकाऊपणा संपविलेला कारागीर, होण्यासाठीं परवानाधारक ‘मास्टर’ कारागिराच्या देखरेखीखालीं 8,000 तास काम करावें लागतें. आठवड्याचे चाळीस तास धरले, तर हीं सुमारें चार वर्षें होतात. वॉशिंग्टन राज्यांतही सर्वसाधारण परवान्यास 8,000 तासच लागतात. परंतु त्यांतील निदान 4,000 तास कारखान्यांत किंवा व्यापारी इमारतींत झालेले हवेत. केवळ राहत्या घरांत राबलेल्याचे तास तेथें संख्येनें भरूनही अपुरे ठरतात. कॅलिफोर्नियांत ठेकेदारीच्या परवान्यास गेल्या 10 वर्षांतील 4 वर्षांचें कुशल काम दाखवावें लागतें. उलट न्यूयॉर्क, पेनसिल्व्हानिया आणि इलिनॉय येथें वायरमनास राज्याचा परवानाच नाहीं. तो कारभार शहरांकडे आहे.

ही निव्वळ आडमुठी नव्हे. चुकीची जोडणी भिंतीआड दडते आणि तिचें फळ घरांत राहणाऱ्यास भोगावें लागतें. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें तर निदान शेंकडा 3 अर्जांची कसून चौकशी करणें मंडळावर बंधनकारक केलें आहे.

अडचण येते ती सहीची. कामाची साक्ष ज्यानें तें प्रत्यक्ष पाहिलें त्यानें द्यावयाची. पण जुना मालक वारला, दुकान बंद पडलें किंवा भांडणानें संबंध तुटला, तर साक्ष कोण देणार? कॅलिफोर्नियांत यावर उपाय आहे. मालकाखेरीज सहकारी, कामगार संघाचा प्रतिनिधि, इमारत निरीक्षक किंवा वास्तुशिल्पी यांचीही साक्ष तेथें चालते. मात्र त्यांना त्या कामाची प्रत्यक्ष माहिती असली पाहिजे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. ‘डब्ल्यू-2’ हें वार्षिक वेतनपत्रक, किंवा सामाजिक सुरक्षा खात्याकडून फी भरून मिळणारा कमाईचा तपशीलवार उतारा, यांवरून मनुष्य कोणाकडे व केव्हां नोकरीस होता हें सिद्ध होतें. तो तारा जोडीत होता कीं गोदाम सांभाळीत होता, हें सिद्ध होत नाहीं. कामाचें स्वरूप साक्षीदाराची सही, करारपत्रें आणि बांधकामाचे परवाने यांवरून कळतें. एक कागद काळ सांगतो, दुसरा काम सांगतो. दोन्ही जुळले तरच पुरावा पुरा होतो. स्वतंत्र धंदा करणाऱ्यास तर वेतनपत्रकही नसतें. त्याची सारी भिस्त करारांवर, पावत्यांवर आणि कराच्या विवरणपत्रांवर.

हा जाच कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ॲरिझोनानें 2019 सालीं कायदा करून, तेथें वस्तीस आलेल्यांचा परराज्यांतील परवाना अनेक व्यवसायांत ग्राह्य धरला. पण या सवलतीचा आधार मूळचा परवाना हा आहे. ज्याच्या राज्यांत परवाना देण्याची पद्धतच नाहीं, त्याच्यापाशीं दाखविण्यास काय असणार?

म्हणून ज्याला आज ना उद्यां परगांवीं धंदा करावयाचा आहे, त्यानें काम संपतांच तारखा, तास आणि कामाचें स्वरूप लिहून वरिष्ठाची सही घ्यावी. नोकरी सोडतांना दाखला मागण्यांत संकोच कसला? दहा वर्षांनीं कारागिराचा हात तसाच चालत असेल. परंतु सही करणारा हात तेव्हां सांपडेलच, असा भरंवसा कोणीं द्यावा?