मत्स्यपेटीतील पाणी

काचेची एक पेटी, तळाशी पसरलेली धुतलेली वाळू, वाळूत रोवलेल्या चार पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून विहरणारे पाच-सहा रंगीत मासे, एवढ्या साहित्यावर घराच्या कोपऱ्यात एक लहानसे सरोवर उभे राहते. शाळेतून आलेले मूल दप्तर खाली ठेवण्याआधी त्या पेटीपाशी धावते. माशांचे ते डौलदार वळणे, शेपटीचा तो अलगद फटकारा आणि दाणे टाकताच पृष्ठभागावर उडणारी ती झुंबड पाहण्यात वेळ कसा निघून जातो, हे कळतही नाही.

परंतु पुष्कळ घरांत हा आनंद आठ-दहा दिवसांचाच ठरतो. एके सकाळी एक मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. दुसऱ्या दिवशी तो उलटा तरंगताना आढळतो. आठवडा उलटण्यापूर्वी पेटी ओस पडते. घरातील माणसे बुचकळ्यात पडतात. पाणी तर आरशासारखे निर्मळ होते, दाणेही वेळच्या वेळी मिळत होते. मग मासे दगावले कशाने? ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. निर्मळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. पेटीतील विष डोळ्यांना दिसत नाही. आणि नवल असे की, ते विष नाहीसे करणारे मित्रही डोळ्यांना दिसत नाहीत.

हे विष बाहेरून येत नाही. ते माशांच्या शरीरातूनच येते. अन्न पचल्यावर उरणारा अमोनिया नावाचा पदार्थ मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. न खाल्लेले दाणे आणि कुजलेली पाने यांपासूनही अमोनियाच तयार होतो. नदीत वा मोठ्या तळ्यात पाण्याचा साठा अफाट असल्यामुळे त्याचा उपद्रव होत नाही. पेटीतील मासा मात्र जेथे राहतो, जेथे जेवतो, तेथेच त्याचे मलमूत्र साचते. अमोनिया थोडासा वाढला, तरी माशांच्या नाजूक कल्ल्यांना इजा होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही त्यांचा श्वास कोंडतो. पाण्याचा रंग मात्र तिळमात्र बदलत नाही.

बंद भांड्यात मासे दीर्घकाळ कसे जगवावेत, या प्रश्नाने लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञालाही भुरळ घातली होती. १८४९ साली त्याने सुमारे १२ गॅलन पाणी मावेल असे काचेचे भांडे घेतले, त्यात झऱ्याचे पाणी अर्ध्यापर्यंत भरले आणि दोन लहान सोनेरी मासे व एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवील, अशी त्याची अपेक्षा होती. काही दिवस सारे सुरळीत चालले. पण पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पाण्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. प्राणी आणि वनस्पती यांचा समतोल साधला, तर पाणी टिकते, हे त्याने दाखवून दिले. तथापि या समतोलातील सर्वांत महत्त्वाचा भागीदार त्याच्याही दृष्टीस पडला नव्हता.

त्या भागीदाराचा सुगावा लागला, तो फ्रान्समध्ये. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी भाजून निर्जीव केलेली वाळू आणि चुनखडीची पूड एका लांब नळीत भरली व तीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर मात्र बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट हा वेगळा पदार्थ आढळू लागला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. त्याबरोबर ही क्रिया थांबली. पुढे मातीचे थोडे पाणी नळीत ओतले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. क्लोरोफॉर्मने गुंगी येते, ती सजीवांना. तेव्हा हे काम वाळूचे नसून वाळूवर वस्ती करून राहिलेल्या सूक्ष्म जिवांचे आहे, हे उघड झाले. हे जिवाणू वेगळे काढण्यात रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की याला १८९० साली यश आले.

मत्स्यपेटीतील पाणी शुद्ध करतात, ते हेच जिवाणू. त्यांचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात. हे नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरले, की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. सुदैवाने दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करून टाकतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य असते आणि वनस्पती त्याचा खाद्य म्हणून उपयोग करतात. एकाची घाण ती दुसऱ्याचे अन्न, असा हा निसर्गाचा चोख व्यवहार आहे.

यावरून पेटी कशी मांडावी, हे सहज ध्यानात येईल. ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच पेटीत काठोकाठ भरल्यास ५४ लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्याचेच वजन ५४ किलोग्रॅम होते. म्हणून पेटीखालचे टेबल भक्कम आणि सपाट असावे. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हाने पाण्यात शेवाळ माजते. वाळू पाण्याचा गढूळपणा जाईपर्यंत धुवावी. साबण मात्र मुळीच लावू नये. नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन मिसळलेला असतो. तो माशांना आणि उपकारक जिवाणूंनाही मारक ठरतो. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवावे, किंवा क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब सांगितलेल्या प्रमाणात त्यात टाकावेत. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसते उघडे ठेवून जात नाही. तेथे औषधाचाच उपयोग करावा.

पाणी गाळण्यासाठी घरगुती पेटीला स्पंजाची गाळणी उत्तम. तिची रचना अगदी साधी असते. स्पंजाच्या मध्यभागी एक उभी नळी असते. पंपाने सोडलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने तीतून वर चढते आणि आपल्याबरोबर पाणी वर ओढते. त्या पाण्याची जागा घेण्यासाठी बाजूचे पाणी स्पंजातून आत शिरते. त्यामुळे तीन कामे एकदम साधतात: तरंगणारा कचरा स्पंजात अडकतो, पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि स्पंजाच्या असंख्य छिद्रांत जिवाणूंना राहण्यास घर मिळते. यांपैकी तिसरे काम सर्वांत मोलाचे होय. काही गाळण्यांत खास तयार केलेला कोळसा घालतात. तो पाण्याचा रंग आणि वास शोषून घेतो. परंतु अमोनियाचा बंदोबस्त त्याच्याने होत नाही. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज जाताच पाणी नळीवाटे पंपात उतरते. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी आणि हे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखत करावे.

एवढी तयारी झाली, की मासे आणण्याची घाई होते. येथेच बहुतेकांचा घात होतो. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ अशातलाच हा प्रकार. नव्या स्पंजात एकही उपयोगी जिवाणू नसतो म्हटले तरी चालेल, आणि त्यांची वाढ फार मंद असते. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे पेटी माशांवाचून चालू ठेवावी. रोज चिमूटभर दाणे पाण्यात टाकावेत. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यावर जिवाणूंची वस्ती हळूहळू वाढते. पाणी तपासण्याचे द्रव दुकानात मिळतात. पाण्याच्या नमुन्यात त्यांचे थेंब टाकले असता जो रंग येतो, त्यावरून अमोनिया आणि नायट्राइट किती आहे ते कळते. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे पेटी तयार झाली. निरोगी मासे असलेल्या जुन्या पेटीतील स्पंजाचा ओला तुकडा मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो. दुधाला जसे विरजण, तसा नव्या पेटीला जुना स्पंज! श्लेझिंग आणि म्युंट्झ यांनी नळीत ओतलेले मातीचे पाणी हेही एक विरजणच होते. त्यानंतरही प्रथम दोन-तीनच लहान मासे सोडावेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे पाणवठ्यांत सोडले जाणारे गप्पी मासे या कामी चांगले. जिवाणूंची संख्या माशांच्या संख्येबरोबर वाढते. एकदम बारा पाहुणे आले, तर दोघांचा स्वयंपाक त्यांना कसा पुरणार?

पुढील निगा थोडी, पण नियमित असावी. दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच दाणे द्यावेत. आठवड्यातून एकदा रबरी नळीने तळाचा कचरा ओढत सुमारे चौथा हिस्सा पाणी काढावे आणि क्लोरीन गेलेले, तितक्याच उष्णतेचे पाणी हळूहळू भरावे. साचलेले नायट्रेट यामुळे कमी होते. सगळे पाणी एकदम बदलले, तर माशांना तो बदल सोसत नाही. स्पंज मात्र नळाखाली कधीही धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-चार वेळा हलक्या हाताने पिळावा. पुष्कळ मुले सुट्टीच्या दिवशी मोठ्या हौसेने स्पंज नळाखाली घासून पांढराशुभ्र करतात. त्या वेळी महिनाभर कष्टाने जमलेले जिवाणू क्लोरीनने मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. दोन दिवसांनी मासे दगावले, की दोष दुकानदाराला दिला जातो!

जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. वीज बराच वेळ गेली, तर त्या काळात दाणे देऊ नयेत आणि अधूनमधून तांब्याने पेटीतलेच पाणी उचलून थोड्या उंचीवरून धार धरावी. एवढ्यानेही मासे आणि त्यांचे अदृश्य सोबती तग धरतात.

पेटीत जे दिसतात, त्यांच्यावर प्रेम करणे सोपे असते. जे दिसत नाहीत, त्यांची आठवण ठेवणे कठीण. मुठीऐवजी चिमूटभर दाणे टाकणारा, किंचित मळकट स्पंज तसाच राहू देणारा आणि रिकाम्या पेटीपुढे महिनाभर धीर धरणारा हात, हाच माशांचा खरा सांभाळ करणारा हात होय.