दहा मायक्रॉनची हद्द

माणसाच्या आतड्यात आढळणाऱ्या अमीबांपैकी दोन जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की त्यांच्यातला निवाडा मुख्यतः मापावर करावा लागतो. एन्टअमीबा हिस्टोलिटिका ही आमांशाला आणि यकृतातल्या गळवाला कारण होणारी जात. तिची सिस्ट, म्हणजे कवचबंद अवस्था, 10 ते 20 मायक्रॉन व्यासाची असते. एन्टअमीबा हार्टमनी निरुपद्रवी आहे, आणि तिची सिस्ट 10 मायक्रॉनच्या आत राहते. पक्व सिस्टमध्ये दोन्हीकडे केंद्रके चारच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि अशा दहा भागांवर औषध द्यायचे की नाही हे ठरते. समजा सिस्ट साडेनऊ मायक्रॉनची आहे आणि सूक्ष्मदर्शकातले माप दहा टक्क्यांनी जास्त येते आहे. वाचन जवळजवळ साडेदहा येईल आणि धडधाकट माणसाच्या अहवालावर रोगाचे नाव चढेल. चूक उलट्या दिशेची असेल तर खरा रोगी सुटून जाईल. दोन्ही वेळी भिंगाखालचे चित्र स्वच्छ, रेखीव आणि विश्वास बसावा असेच दिसेल. माझ्या मते सूक्ष्मदर्शकाच्या मोजमापातली खरी अडचण हीच आहे. चित्र अंधूक असेल तर डोळ्याला लगेच खटकते, माप चुकले तर काहीच खटकत नाही. म्हणून उपकरणाबाहेरची, खात्रीची पट्टी भिंगाखाली ठेवून ताळा घेण्यावाचून, म्हणजे कॅलिब्रेशनवाचून, दुसरा उपाय नाही. हे काम प्रयोगवहीत एकदा लिहून संपवण्याचे समजले जाते, ते तसे समजले जाऊ नये.

हे काम अवघड मुळीच नाही. स्टेज मायक्रोमीटर ही काचेची स्लाइड. तिच्यावर एक मिलिमीटर लांबीचे शंभर सारखे भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग 10 मायक्रॉनचा. दुसरी पट्टी आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगात, बसवलेल्या छोट्या गोल काचेवर असते. तिच्यावरही बहुधा शंभर भाग असतात, पण त्यांना स्वतःची अशी किंमत नसते. ती किंमत प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी, म्हणजे नमुन्याकडच्या प्रत्येक भिंगासाठी, वेगळी काढावी लागते. दोन्ही पट्ट्या समांतर आणून शून्यावर शून्य बसवायचे आणि उजवीकडे जितके लांब जाता येईल तितके जाऊन दोन रेघा पुन्हा कुठे तंतोतंत जुळतात ते पाहायचे. 40 पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली आयपीसचे 80 भाग स्लाइडच्या 20 भागांवर, म्हणजे 200 मायक्रॉनवर, बसले तर एका भागाची किंमत अडीच मायक्रॉन. लांब जायचे ते एवढ्यासाठी, की अर्ध्या भागाची चूक 80 भागांत झाली तर फरक पाऊण टक्क्याच्याही आत राहतो. तीच चूक जवळच्याच एखाद्या जुळणीवर, आठव्या भागाशी थांबून केली तर फरक सहा टक्क्यांवर जातो. कोरलेल्या रेघेलाही जाडी असते, त्यामुळे डावी कड डाव्या कडेशीच जुळवायची. आणि अडीच मायक्रॉनच्या भागांनी रक्तातली साडेसात मायक्रॉनची तांबडी पेशी मोजायची नसते, कारण अर्धा भाग अंदाजाने धरला की जवळजवळ सतरा टक्क्यांचे अंतर पडते. तिच्यासाठी तेलातला 100 पटीचा ऑब्जेक्टिव्ह घ्यावा. त्याखाली एक भाग साधारण एका मायक्रॉनचा येतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ऑब्जेक्टिव्हवर 40 हा आकडा कारखान्यातच कोरलेला आहे, आयपीसवर 10 आहे, गुणाकार केला की झाले. पण कोरलेला आकडा हा ठरवलेला आकडा असतो, आणि प्रत्यक्ष भिंग त्यापासून काही टक्के इकडेतिकडे असणे उत्पादनाच्या नियमांत बसते. शिवाय आजच्या बहुतेक ऑब्जेक्टिव्हना प्रतिमा पुरी करायला नळीतले दुसरे भिंग लागते, आणि त्याचे नाभीय अंतर प्रत्येक कंपनीचे वेगळे आहे. ऑलिम्पस 180 मिलिमीटर धरते, निकॉन आणि लायका 200, झाइस 165. ऑलिम्पसचा 40 पटीचा ऑब्जेक्टिव्ह निकॉनच्या नळीवर चढवला तर तो 44 पटींहून थोडे अधिक मोठे करतो. अकरा टक्क्यांचा हा फरक सिस्टची हद्द ओलांडायला पुरेसा आहे, आणि कोरलेला 40 मात्र तसाच राहतो. काही जुन्या दुनळी सूक्ष्मदर्शकांत तर दोन डोळ्यांमधले अंतर जुळवताना नळीची लांबीही बदलते. म्हणजे पाहणारा बदलला की माप बदलते.

बाहेरच्या पट्टीची गरज काही आजची नाही. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने सतराव्या शतकात वाळूचा कण आणि केस यांच्याशी तुलना करून सूक्ष्म जीवांची आणि रक्तातल्या कणांची मापे सांगितली. जेम्स ज्युरिन या इंग्रज डॉक्टरने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याहून नेटकी युक्ती काढली. चांदीची बारीक तार सुईवर वेढा-वेढा चिकटून गुंडाळायची, एका इंचात किती वेढे बसतात ते मोजून तारेची जाडी काढायची, मग तिचे तुकडे रक्ताशेजारी भिंगाखाली टाकायचे. आजचा स्टेज मायक्रोमीटर तत्त्वाने हेच करतो. तरीही पुढची शंभर वर्षे आकडे जुळले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास फ्रान्झ बाउअर इंचाचा सुमारे 1700वा भाग सांगत होता, आणि थॉमस यंग सुमारे 6000वा. आजच्या हिशेबाने पहिला जवळजवळ 15 मायक्रॉन, दुसरा चारच्या थोडा वर. ही माणसे निष्काळजी नव्हती. यंग तर प्रकाशाच्या लहरी सिद्ध करणारा. ज्याच्या त्याच्या आकड्यामागे ज्याचे त्याचे उपकरण होते, आणि दोन उपकरणांमध्ये सामाईक पट्टी नव्हती.

त्याच काळातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती माझ्याच मुद्द्याला मर्यादा घालते. 1823 साली आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने असे मांडले, की प्राण्यांच्या साऱ्या ऊती सारख्याच आकाराच्या गोल कणांनी बनलेल्या असतात आणि प्रत्येक कण मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढा असतो. स्नायू पाहिला, मज्जा पाहिली, त्वचा पाहिली, माप एकच. मापांचा असा मेळ बसला की आपल्याला ते सत्याचे लक्षण वाटते. 1827 मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर आणि थॉमस हॉजकिन यांनी रंगदोष काढून टाकलेल्या नव्या भिंगातून त्याच ऊती पाहिल्या, तेव्हा ते गोल कण दिसेनासे झाले. स्नायूत आडव्या रेघांचे तंतू दिसले आणि तांबडी पेशी ही गोळी नसून दोन्ही बाजूंनी खोलगट चकती आहे हे कळले. मिल्न-एडवर्ड्सने जे मोजले ते बव्हंशी भिंगाने उमटवलेले तेजोवलय होते, म्हणून तर ते सगळीकडे सारखे भरले. इथे पट्टीने काही साधले नसते, कारण पट्टी अंतर सांगते, पेशीची कड कुठे आहे ते सांगत नाही. कड किती नेमकी दिसू शकते याचा हिशेब अर्न्स्ट आबेने 1873 मध्ये मांडला. हिरव्या प्रकाशात, उत्तमातल्या उत्तम तेलाच्या ऑब्जेक्टिव्हनेही सुमारे 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे होत नाहीत, आणि नेहमीच्या कोरड्या 40 पटीला ही मर्यादा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येते. म्हणून त्या ऑब्जेक्टिव्हने घेतलेले 7.43 मायक्रॉन असे एका पेशीचे वाचन पाहिले की त्यातला शेवटचा आकडा खोटा समजावा.

मग कॅलिब्रेशनचा आग्रह कशासाठी, असे कुणी विचारील. याचे उत्तर अमेरिकेतल्या खुनाच्या खटल्यांत सापडते. 1870च्या दशकात कपड्यावरचा वाळलेला डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे पेशीच्या व्यासावरून सांगता येते असा दावा फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ रिचर्डसन करत होते. शेळी-मेंढीच्या तांबड्या पेशी चार-साडेचार मायक्रॉनच्या असल्याने तिथे दावा टिकत होता, पण कुत्र्याच्या पेशी सातच्या आसपास, म्हणजे माणसाच्या अगदी शेजारी. वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियममधले जोसेफ वुडवर्ड हे त्या काळचे सूक्ष्म छायाचित्रणाचे मोठे जाणकार. त्यांनी 1875 मध्ये पुन्हा पुन्हा मोजून दाखवले, की माणसाची आणि कुत्र्याची मापे एकमेकांत इतकी मिसळतात की डागावरून कुणाला फासावर चढवणे न्यायाचे होणार नाही. वुडवर्डना हे ठामपणे म्हणता आले, कारण त्यांच्या मापांमागची पट्टी तपासलेली होती. पट्टीच संशयास्पद असती तर ही सरमिसळ मोजण्याच्या चुकीची आहे, असे म्हणून विरोधक मोकळे झाले असते. काय सांगता येत नाही हे सिद्ध करायलाही आधी माप खात्रीचे लागते. पुढच्या दशकात अमेरिकन सूक्ष्मदर्शकतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्यासाठी प्रमाण सेंटिमीटर तयार करवून घेतला, त्यामागे अशाच वादांनी तयार केलेली निकड होती असे मला वाटते.

दुसरा आक्षेप रोगनिदानाच्या रोजच्या कामातून येतो, आणि तो वजनदार आहे. रक्ताची काच पाहताना कुणी पट्टी लावत बसत नाही. तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनची धरून बाकीच्या पेशी तिच्याशी ताडून पाहतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. पण ज्या रोगात तांबडी पेशीच आकार बदलते, तिथे ही पट्टी नेमकी हवी तेव्हाच हातची जाते. सेसिल प्राइस-जोन्सने 1910 मध्ये वाळवून रंगवलेल्या रक्तातल्या शेकडो पेशींचे व्यास मोजून त्यांचा आलेख काढला, आणि घातक पांडुरोगात तो आलेख उजवीकडे सरकतो, पसरतो, हे दाखवले. ही सरक एक-दीड मायक्रॉनची असते. ज्या पांडुरोगावर ल्युसी विल्स यांनी 1928पासून मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केले, त्याचीही ओळख मोठ्या तांबड्या पेशी हीच होती. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांचा तो आजार यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यातूनच पुढे फोलिक आम्लापर्यंत वाट निघाली. ‘नेहमीपेक्षा मोठी’ या शब्दांना अर्थ यायचा तर ‘नेहमीची’ किती हे आधी ठरलेले हवे. तेही कोणत्या अवस्थेत हे सांगून, कारण ओल्या रक्तातली पेशी काचेवर वाळली की साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते. सिस्टचेही तसेच. कायमच्या रंगाने रंगवलेली सिस्ट ओल्या सिस्टपेक्षा मायक्रॉन-दीड मायक्रॉनने लहान भरते. ओल्या नमुन्यासाठी ठरवलेली दहाची हद्द रंगवलेल्या काचेवर तशीच लावणारा माणूस पट्टी बरोबर असूनही चुकतो.

आता ही कामे यंत्रे करतात, असेही म्हटले जाते. वॉलेस कूल्टरच्या 1953च्या पेटंटपासून रक्तपेशी विद्युतप्रवाहातून मोजल्या जाऊ लागल्या. त्याने हजारो पेशींचे घनमान काही क्षणांत मिळते, हे मोठेच काम झाले. पण त्या यंत्रालाही ठरावीक मापाचा नमुना देऊन लावून घ्यावे लागते, म्हणजे पट्टीची गरज संपली नाही, ती यंत्रात गेली. आणि विष्ठेतली अंडी, पाण्यातली शेवाळे, परागकण, पानाच्या छेदातल्या पेशी हे सारे अजून भिंगाखालीच मोजले जाते. अमीबाच्या बाबतीत माप सगळे सांगत नाही हे खरे आहे. हिस्टोलिटिकाच्या मापाची आणि रूपाची एन्टअमीबा डिस्पार ही निरुपद्रवी जात पट्टीने वेगळी होत नाही, तिला प्रतिजनाची किंवा जनुकीय चाचणी लागते. पण त्या खर्चिक चाचणीला कुणाला पाठवायचे, ही पहिली चाळणी छोट्या गावातल्या प्रयोगशाळेत मापानेच होणार.

कॅमेऱ्याने मात्र जुन्या चुकीला नवी जागा करून दिली आहे. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलची रुंदी 3.45 मायक्रॉन असेल, ऑब्जेक्टिव्ह 40 पटीचा आणि कॅमेरा नळीला जोडणारा मधला जोड अर्ध्या पटीचा, तर पडद्यावरच्या एका पिक्सेलमागे पेशीचे 0.17 मायक्रॉन येतात. जोड बदलला, चित्र लहान आकारात साठवले, किंवा 40 पटीसाठी ठेवलेले प्रमाण 100 पटीच्या चित्राला लावले, की सॉफ्टवेअर दशांशाच्या तीन घरांपर्यंत नीट लिहिलेले चुकीचे उत्तर देते. चित्राखाली ‘400 पट’ लिहिण्याची सवयही सोडायला हवी, कारण छापताना चित्र अर्धे केले की तो आकडा खोटा होतो. चित्रावर काढलेली दहा मायक्रॉनची रेघ चित्राबरोबरच लहानमोठी होते, म्हणून ती खरी राहते. माझ्या मते प्रत्येक प्रयोगशाळेने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हच्या भागाची किंमत आणि ती काढल्याची तारीख लिहिलेले कार्ड सूक्ष्मदर्शकाच्या अंगावरच चिकटवावे, आणि भिंग, नळी किंवा जोड यांपैकी काहीही हलले की ते नव्याने भरावे. दुसरे असे, की पेशींची चित्रे घेण्याआधी त्याच जुळणीत स्टेज मायक्रोमीटरचे एक चित्र घेऊन ते त्याच फाइलींबरोबर ठेवावे. मग अहवालाबद्दल पुढे कधी शंका आली, तर रुग्ण आणि नमुना दोन्ही हाताशी नसतानाही त्या पट्टीच्या रेघांमधले पिक्सेल मोजून माप पुन्हा तपासता येते.