बाळंतिणीच्या हातात फोन द्या

घरात बाळ आले की शेजारीपाजारी आधी विचारतात, मुलगा की मुलगी? मग वजन विचारतात. दूध पुरते का, हेही कोणीतरी विचारते. पण बाळंतिणीला झोप लागते का, तिला सारखे रडू का येते, हे कोणी विचारीत नाही.

माझ्याच घरातली गोष्ट पत्नीच्या संमतीने सांगतो. 2008 साली आम्हाला मुलगी झाली. महिन्याभरात पत्नी गप्प झाली. बाळ रडत असले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी दिवसभर ऑफिसात हिशेबातल्या चुका शोधणारा कारकून आणि संध्याकाळी वस्तीतल्या मीटिंगा. घरी आलो की "आळस सोड" एवढेच तिला ऐकवायचो. आई म्हणाली, बाहेरचे असेल, कोणाला तरी दाखव. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरात हे बोलणे झाले आणि मी ते ऐकून घेतले, याची आजही लाज वाटते. एके दिवशी ती म्हणाली, "मी नसले तरी बाळ वाढेल." तेव्हा कुठे मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिला आधी मनसोक्त बोलू दिले, मग औषध दिले. बरे व्हायला पाच महिने लागले.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येते, ते पुष्कळ जणींना होते आणि आपोआप थांबते. पण दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, बाळ झोपले तरी हिला झोप नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, बाळाची ओढच वाटत नसेल, तर तो आजार आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात बाळंतिणींची पाहणी झाली, ती 2002 साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात 23 जणी अशा आजारी आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींचा त्रास पोटात बाळ असतानाच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी न पटणे, मुलगी होणे ही कारणे त्यात दिसली. औषधाच्या दुकानात यांतल्या एकावरही गोळी मिळत नाही.

गोव्यातच पुढे साध्यासुध्या स्त्रियांना शिकवून 'सखी' म्हणून गरोदर भगिनींच्या घरी पाठवले गेले. सखीने ऐकून घेतल्याने, धीर दिल्याने जास्त जणी बऱ्या झाल्या, असे 2019 साली प्रसिद्ध झाले. आपल्या महिला मंडळांनी हे वाचावे.

सखी नसली तरी फोन आहे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी 'टेलीमानस' ही सेवा सुरू केली. नंबर 14416. चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत. शिकलेला समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो.

अडचण वेगळीच आहे. फोन असतो नवऱ्याच्या खिशात आणि दहा बाय दहाच्या खोलीत सासू समोर बसलेली. सून बोलणार कशी? तेव्हा नवरेमंडळींनो, फोन तिच्या हातात द्या, बाळ तुम्ही घ्या, आईला घेऊन अर्धा तास बाहेर जा. आशाताई 42 दिवसांपर्यंत बाळाला पाहायला घरी येतात, त्यांनाही हे मोकळेपणाने सांगावे. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात कामगार बाळंतिणींच्या विश्रांतीसाठी कायद्याची बाजू मांडली होती. आपल्या घरात त्या विश्रांतीला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

मात्र जीव देण्याची भाषा, बाळाला इजा करण्याचे विचार, कानात आवाज येणे किंवा रात्रीच्या रात्री झोप नसताना भलतेच बोलणे दिसले, तर फोनवर थांबू नये. तिला एकटी न सोडता त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. बाळ हिरावून घेतील या भीतीने पुष्कळ जणी जात नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, ती डॉक्टर ठरवतात. ती मनाने बंद करू नयेत.

माझी पत्नी आता वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीच्या कार्डावर 14416 लिहून देते. म्हणते, फोन लागल्यावर नुसते रडूच आले तरी चालेल, ठेवू नको.