मजकुराची बरहुकूम रवानगी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा अखंड खडखडाट ज्याने ऐकला आहे, त्याने जेकार्डवर चढविलेली, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळही पाहिलेली असते. छिद्र कोठे आहे आणि कोठे नाही, एवढ्यावरून ताण्याचा कोणता धागा उचलावयाचा ते ठरते आणि चादरीवर वेलबुट्टी उमटते. तो पुठ्ठा नक्षीचा अर्थ जाणत नाही. नक्षीकाराचा हुकूम मागापर्यंत जसाच्या तसा पोहोचविणे, एवढेच त्याचे कार्य. संगणकावरील फाइल 'एफटीपी' या मार्गाने नेटवर्कवरील प्रिंटरकडे धाडून छापून घेण्याची जी पद्धती आहे, तिचे मर्मही या निष्ठावंत वहनातच आहे.

दोन संगणकांनी फाइलींची देवघेव कोणत्या रीतीने करावी, याचा 'एफटीपी' हा करारनामा प्रथम लिहिला तो एका भारतीयाने. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतून 1965 साली पदवी घेतलेले अभय भूषण यांनी अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये असताना एप्रिल 1971 मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. आज प्रमाण मानला जाणारा मसुदा ऑक्टोबर 1985 चा आहे. यात संवादाच्या वाटा दोन असतात: एकीवरून हुकूम जातात आणि दुसरीवरून प्रत्यक्ष मजकूर.

ज्या प्रिंटरमध्ये एफटीपीने फाइल स्वीकारण्याची सोय असते, त्याच्याशी त्याच्या आयपी पत्त्यावर संधान बांधावे, 'बायनरी' हा हुकूम द्यावा आणि 'पुट' म्हणून फाइल रवाना करावी. ती तेथे दप्तरी दाखल होऊन पडत नाही, थेट कागदावर उतरते. 'बायनरी'चा आग्रह अकारण नाही. साध्या मजकुराच्या रीतीने फाइल गेली, तर ओळीच्या शेवटची चिन्हे वाटेत बदलली जाऊ शकतात, आणि पानाच्या आकृतीत असा एखादा बदल झाला तरी सारे पान बिघडू शकते.

एरवी छपाईच्या वेळी संगणकातील 'ड्रायव्हर' हा दुभाष्याचे काम करतो. येथे तो मध्यस्थ नसल्यामुळे फाइल आधीच प्रिंटरच्या भाषेत, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा त्या यंत्रास कळत असल्यास पीडीएफ या स्वरूपात, सिद्ध असावी लागते. मराठी माणसाने तर हे विशेष ध्यानी धरावे, कारण देवनागरीचा साधा मजकूर, ती लिपी ज्यात बसविलेली नाही अशा प्रिंटरकडे धाडला, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे यांच्या जागी निरर्थक चिन्हांचा पसारा हाती येतो; अक्षरांच्या आकृत्या फाइलीतच अंतर्भूत असल्या, की तोच प्रिंटर शुद्ध मराठी छापतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी: मूळ एफटीपीत परवलीचा शब्दही उघड्या रूपातच जातो. म्हणून ही वाट कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कापुरतीच राखावी, आणि गरज नसेल तेथे प्रिंटरमधील ही सोय बंद करावी.

ज्या सोलापूर नगरीतून दाते पंचांग निघते, तिला अंकाच्या शुद्धतेचे मोल सांगावयास नको. तिथीच्या समाप्तीची वेळ दर्शविणारा एक अंक पालटला, तर घरोघरीचे व्रत आणि मुहूर्त चुकतील. गणित करणाऱ्याचे श्रम आणि वाचणाऱ्याची श्रद्धा यांच्यामध्ये जो जो वाहक उभा असतो, मग तो खिळे जुळविणारा असो, पुठ्ठा असो वा तारेतून जाणारी फाइल असो, त्याने आपल्या पदरचे काही न घालता मजकूर पोहोचवावा, यातच त्याच्या सेवेची सार्थकता आहे.