नखाएवढ्या चिपची जोडणी

जव्हार-मोखाड्यात इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासायचा तर पहिली अडचण सुट्या भागांची. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. माल येतो तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, नाहीतर कुरिअरने. जोडणीत चिप गेली की दुसरी येईपर्यंत काम अडून राहतं. म्हणून इथल्या मुलामुलींच्या हातात चिप नीट बसवण्याचं कसब असलंच पाहिजे.

जुन्या चिपचे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जात. दोन पायांत २.५४ मिमी अंतर असे. एसएमडी चिप बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसते. एसओआयसी प्रकारात हे अंतर १.२७ मिमी, तर टीक्यूएफपीत ०.८ किंवा ०.५ मिमीपर्यंत उतरतं. नवशिक्याने १२०६ मापाच्या, म्हणजे ३.२ बाय १.६ मिमीच्या रेझिस्टरवर हात बसवावा आणि मग एसओआयसीकडे वळावं.

साहित्य मोजकं: बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर तार, चिमटा, भिंग, मल्टिमीटर आणि भरपूर फ्लक्स, म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून लावायचा लेप. एका कोपऱ्यातल्या पॅडवर थोडं सोल्डर घ्या. चिपवरचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळवा, चिमट्याने चिप धरा आणि तेवढा एकच पाय चिकटवा. भिंगातून पाहा. चिप तिरकी असेल तर पुन्हा गरम करून सरळ करा. मग समोरचा कोपरा पक्का करा. आता रांगेला फ्लक्स लावून थोडं सोल्डर घेतलेलं टोक पायांवरून सावकाश ओढत न्या. पृष्ठताणामुळे वितळलेलं सोल्डर धातूवर गोळा होतं. पॅडांमधल्या हिरव्या थरावर ते चिकटत नाही. तरीही दोन पाय जोडले गेलेच, तर तांब्याची विणलेली वात ठेवून जादा सोल्डर शोषून घ्या. शेवटी मल्टिमीटरने शेजारच्या पायांत शॉर्ट नाही ना, ते तपासा. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून शिकायला सोपं. पण खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

काही चिपना बाहेर पायच नसतात. हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० सेन्सर जेमतेम २ बाय २.५ मिमीचा, आणि त्याचे सगळे पॅड पोटाखाली. त्याला गरम हवेचं यंत्र लागतं. मोबाईल दुरुस्तीवाले या यंत्राला एसएमडी मशीन म्हणतात. ते नसेल तर तयार मॉड्यूल घ्यावं.

इथल्या पावसाळ्यात आणखी एक जपावं लागतं. चिपचं प्लास्टिक हवेतली ओल शोषतं. अशी चिप गरम हवेने एकदम तापवली, तर आतल्या ओलीची वाफ होऊन ती लाहीसारखी फुटू शकते. आर्द्रता-संवेदनशीलतेच्या तिसऱ्या पातळीची चिप पाकीट फोडल्यावर १६८ तासांत बसवायची असते, तेही ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात हवा त्याहून कितीतरी दमट असते. म्हणून पाकीट कामाच्या वेळीच फोडावं आणि उरलेल्या चिप सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

खेड्यात हे जमतं का, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दिलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम उभारला आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः घडवण्याची कार्यशाळा, सुरू झाली. फॅब लॅबच्या जगात विद्यार्थी एटीटायनी ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप हाताने बसवून चिपमध्ये प्रोग्राम भरणारं उपकरण, म्हणजे प्रोग्रामर, स्वतः बनवत आले आहेत. जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळांत एक टेबल, दोन आयर्न आणि निकामी बोर्डांची पेटी आली, तर सौर दिव्याचं बिघडलेलं सर्किट गावातच दुरुस्त होईल. शाळांनी आणि पालकांनी एवढी सोय करावीच.