घराचा चोपडा उघडा झाला

उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापारी समोरच्याची पत पाहतो; गिऱ्हाईक नवे असेल तर बाजारात दोन ठिकाणी विचारणाही करतो. तीच मंडळी घाटकोपर वा मुलुंडला सदनिका नोंदविताना मात्र आयुष्याची मिळकत एका रंगीत माहितीपत्रकावर आणि दलालाच्या शब्दावर सोपवून मोकळी होत. बँकेत गृहकर्जाची प्रकरणे तपासताना हे मी पुष्कळ पाहिले. त्यांचाही इलाज नव्हता. मंजूर नकाशे, जमिनीची मालकी, तिच्यावरील बोजा, न्यायालयातील दावे हे सारे विकासकाच्या कपाटात नाहीतर सरकारी दप्तरात बंद असे.

माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला, देशाचा २००५ साली आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार सरकारी कार्यालयांनी कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. घर घेणाऱ्या कुटुंबाला या तत्त्वाची चव लागली ती १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाल्यावर. अगदी लहान प्रकल्प वगळता नोंदणीवाचून विक्री वा जाहिरात करता येत नाही, आणि नोंदणी झाली की ही सर्व कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. दर तिमाहीस किती सदनिकांची नोंदणी झाली, बांधकाम कुठवर आले, हेही विकासकाने तेथे मांडावयाचे असते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाचे पान उघडते.

हिशेबाची सवय असलेल्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवाचून ती काढता येत नाही. ते खाते कोणते, हे पाहून घ्यावे. दुसरी, पूर्णत्वाची मूळ तारीख आणि नंतर घेतलेली मुदतवाढ. माझ्या मते विकासकाची पत या दोन तारखांमधील अंतरावरून जितकी कळते तितकी नमुना सदनिकेच्या संगमरवरावरून कळत नाही!

अर्थात ही माहिती बव्हंशी विकासकाने स्वतःच जाहीर केलेली असते. म्हणून स्वतःच्या वकिलाकडून शोध घेणे टळत नाही. शिवाय स्कॅन केलेले इंग्रजी कागद वाचणे घरातील ज्येष्ठांना जड जाते. आमच्या पिढीपुढे घरातील विक्रीकराराचा इंग्रजी मसुदा वाचणारा एखादाच असे. आता नातवाला शेजारी बसवावे.

बोरिवली, अंधेरीत सध्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची धामधूम आहे. तेथे नव्याने विकावयाच्या सदनिकांसाठी नोंदणी लागते; जुन्या सभासदांचा मुख्य आधार मात्र विकासकाशी केलेला करारच. तरीही सभासदांनी सर्वसाधारण सभेत मत देण्यापूर्वी त्याच विकासकाचे इतर प्रकल्प महारेरावर अवश्य पाहावेत, आणि तेथे दिसलेल्या तारखांविषयी त्याला सभेतच विचारावे.