ई-मेलचे पाच पत्ते, टपाल एका ठिकाणी

भिवंडीत ग्रे कापडाचा व्यापार करणारे आमचे एक स्नेही आहेत. २०२४ सालच्या रमजानच्या तोंडावर त्यांचा माल भरून टेम्पो गाळ्यासमोर उभा होता आणि ई-वे बिल काही केल्या निघेना. प्रथम वाटले, नेट बंद असेल. मग सुरतेच्या पार्टीच्या मुनीमाचा फोन आला, ‘सेठ, तुमचा जी.एस.टी. नंबर रद्द दिसतो आहे. पेमेंट थांबवले आहे.’

चौकशीअंती उलगडा झाला. स्नेह्यांनी गाळा बदलला होता, परंतु नोंदणीतील जागेचा पत्ता बदलून घेतला नव्हता. तपासणीला आलेल्यांना जुन्या जागी दुसऱ्याचाच धंदा दिसला. कारणे दाखवा नोटीस निघाली, तिला उत्तर देण्यास कामकाजाचे सात दिवस असतात. ते उलटले आणि नोंदणी रद्द झाली. नोटीसही आली होती, आदेशही आला होता. दोन्ही पोहोचले ते २०१७ साली नोंदणीच्या घाईत कर सल्लागाराकडील एका मुलाने उघडलेल्या ई-मेल पत्त्यावर! तो मुलगा नोकरी सोडून गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. जी.एस.टी. कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावणी होय. तेव्हा ‘आम्ही वाचलीच नाही’ या सबबीला फारसा अर्थ उरत नाही.

ही गोष्ट आम्ही येथे यासाठी सांगतो की आपल्यापैकी बहुतेक व्यापारी बंधूंची स्थिती याहून निराळी नाही. एक पत्ता सायबर कॅफेच्या जमान्यातला, जुन्या पार्ट्या अजून त्यावरच लिहितात. दुसरा मोबाईल घेताना उघडलेला. तिसरा करासाठी, चौथा दुकानाच्या नावाच्या डोमेनचा, कारण चिरंजीवांनी वेबसाइट केली. पाचवा बँकेने मागितला म्हणून. रोज पाचही ठिकाणी वेगवेगळे लॉग-इन करून पाहणारा व्यापारी आम्हांस तरी भेटलेला नाही. शिवाय गूगलने डिसेंबर २०२३ पासून असा नियम लागू केला आहे की दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकले जाऊ शकते. म्हणजे दुर्लक्षित पत्ता हा नुसता मुका राहत नाही, तो नाहीसाही होतो.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. दुकानाच्या संगणकावर थंडरबर्ड हा प्रोग्राम टाकावा आणि सर्व पत्ते त्यात जोडावेत. मोझिलाच्या छत्राखाली याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली निघाली आणि आजही त्याचे काम लोकांच्या देणग्यांवर चालते. पूर्वी आपल्याकडे दुकानोदुकानी आऊटलुक एक्स्प्रेस असे, ते गेले. विंडोजबरोबर येणारा मेल नावाचा प्रोग्रामही ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या नव्या आऊटलुकमध्ये जीमेल वा दुसरे खाते जोडले तर त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जाते. ज्यांना ते चालते त्यांनी जरूर वापरावे. धंद्याची पत्रे आणखी एका त्रयस्थाच्या घरातून फिरून यावीत हे आम्हांस रुचत नाही, एवढेच.

खाते जोडताना नाव, पत्ता व पासवर्ड विचारला जातो. जीमेलसारख्या मोठ्या सेवांच्या बाबतीत त्यांचे स्वतःचे लॉग-इनचे पान उघडते, परवानगी तिथेच द्यायची. स्वतःच्या डोमेनचा पत्ता असेल तर ज्याच्याकडून होस्टिंग घेतले त्याने दिलेले सर्व्हरचे नाव लागते. पत्र आणण्यासाठी बहुधा पोर्ट ९९३ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. सर्व खाती जोडून झाली की डाव्या बाजूच्या फोल्डरांच्या यादीत ‘युनिफाइड फोल्डर्स’ ही मांडणी निवडावी. पाचही पत्त्यांचे टपाल एकाच इनबॉक्समध्ये, तारखेच्या क्रमाने दिसू लागते. जंकचेही तसेच. सरकारी नोटीस अनेकदा जंकमध्ये जाऊन पडते, म्हणून ही एकत्रित जंक आठवड्यातून एकदा तरी चाळावी.

आता खरी मेख. खाते जोडताना दोन पद्धतींपैकी एक निवडावी लागते, आयमॅप किंवा पी.ओ.पी. पुष्कळ लोक इकडे लक्ष देत नाहीत. पी.ओ.पी. म्हणजे पोस्टातली पेटी रिकामी करून पत्रे घरी आणणे. आयमॅप म्हणजे पत्रे पोस्टातच राहतात, आपण दुकानातून पाहिले काय आणि मोबाईलवरून पाहिले काय, तीच पत्रे दिसतात. पी.ओ.पी.मध्ये पत्रे सर्व्हरवर ठेवण्याची खूण असते खरी, पण तिच्याखाली किती दिवस ठेवायची याची मर्यादाही असते, आणि ती कोणी वाचत नाही. मग मोबाईलवर जुनी पत्रे दिसेनाशी होतात आणि दुकानाच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली की वर्षांचा पत्रव्यवहार जातो. तेव्हा आयमॅपच घ्यावे.

मात्र आयमॅप म्हणजे तिजोरी नव्हे. दुकानात बसलेल्या पोऱ्याने एक पत्र पुसले की ते मोबाईलवरूनही पुसले जाते. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा हा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि आपले वडीलधारे त्याच जाणिवेने वही जपत. आज दर, मुदत, मालाची प्रत हे सारे ई-मेलवर ठरते. वही म्हणावी तर तीच. जी.एस.टी. कायदाही हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायला सांगतो. म्हणून वर्ष संपले की त्या वर्षाची पत्रे थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करावीत. हलवू नयेत, कॉपी करावीत. आणि प्रोग्राम बंद असताना त्याचे प्रोफाइल फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून तो घरी ठेवावा.

टपाल एकत्र आले की एक नवा घोटाळा संभवतो, तो उत्तराचा. दुबईच्या पार्टीला फर्मच्या पत्त्यावरून लिहायचे आणि जाते घरगुती जीमेलवरून. समोरच्याला शंका येते, आणि ती यायलाच हवी, कारण नेमक्या याच वाटेने फसवणूक होते. मिळत्याजुळत्या पत्त्यावरून पत्र येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम या खात्यात भरा’, आणि पैसे परक्याच्या खात्यात जातात. थंडरबर्ड सामान्यतः ज्या पत्त्यावर पत्र आले त्याच पत्त्यावरून उत्तर लिहितो. नवे पत्र लिहिताना मात्र वरची ‘फ्रॉम’ची ओळ पाहून घ्यावी. प्रत्येक पत्त्याला वेगळी सही जोडता येते. फर्मच्या सहीत जी.एस.टी. क्रमांक व गाळ्याचा पत्ता, घरच्या सहीत नुसते नाव. चूक पाठवण्यापूर्वीच नजरेस येते. आणि बँक खाते बदलल्याचे पत्र कोणाचेही असो, आधीपासून आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये.

दुकानाच्या संगणकावर कोण कोण बसतो याचाही विचार हवा. सेटिंग्जमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावता येतो. त्याने साठवलेले पासवर्ड कुलपात जातात, उतरवलेली पत्रे मात्र नाहीत. त्यासाठी विंडोजलाच पासवर्ड लावणे आणि जेवायला उठताना पडदा बंद करणे हाच मार्ग.

हे सर्व करण्याआधीचे काम मात्र कागदावरचे आहे. जी.एस.टी., बँक, उद्यम, आयात-निर्यात कोड, प्रत्येक ठिकाणी कोणता ई-मेल व कोणाचा मोबाईल दिला आहे ते एका पानावर लिहून काढावे. आयात-निर्यात कोडाची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. त्याचे स्मरणपत्र कोणाकडे जाते ते पाहावे. जी.एस.टी. पोर्टलवर ई-मेल व मोबाईल बदलणे ओ.टी.पी.ने होते, अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज नाही. पोर्टलचा पासवर्डच सल्लागाराकडे अडकला असेल तर आपल्या विभागाच्या जी.एस.टी. कार्यालयात ओळखीचे पुरावे घेऊन जावे, तेथून तो बदलून मिळतो. सल्लागाराला पत्राची प्रत जरूर जाऊ द्यावी, पण किल्ली आपल्या कमरेला असावी.

आमच्या स्नेह्यांनी नोंदणी पूर्ववत करण्याचा अर्ज वेळेत केला. आदेशापासून ९० दिवसांची मुदत असते, ती संपायला अकरा दिवस उरले होते. ईदचा सीझन मात्र हातचा गेला. आता त्यांच्या गल्ल्याशेजारच्या संगणकावर चार पत्ते एका खिडकीत उघडतात. पाचवा, सल्लागाराकडील मुलाचा, अजून कोणाला उघडता आलेला नाही.